काश्मीरच्या दाचीगाम जंगलातल्या वाटाड्या भाईजानांना, इंदूरहून

भाईजान, सलाम.

पत्र मराठीत लिहिते आहे. तुम्हाला ते वाचता येणार नाही, म्हणून रविवारी फोनवर हिंदीतून वाचून दाखवीन. पण आधी मराठीतच लिहायचं होतं. यात आभारांबरोबर थोडा रागही आहे, आणि ज्यांच्यावर तो आहे ती माणसं इंदूरचीच, आपली मराठीच आहेत. त्यांनाही वाचता यावं. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हीच नको म्हणालात.

राग आधी उरकते. दोन वर्षांपूर्वी आम्ही इथल्याच एका सहलवाल्यांबरोबर काश्मीरला आलो होतो. पैसे भरताना 'ज्येष्ठांची विशेष काळजी' वगैरे सगळं गोड गोड. तिथे पोचल्यावर एका कुरणाकडे जाणारी साधी पायवाट होती, तासाभराची. बाबा बूट घालून, काठी घेऊन सगळ्यांच्या आधी तयार. आणि सहलवाल्यांचा मॅनेजर भर बसमध्ये म्हणाला, "काका, तुम्ही गाडीतच बसा हं. तुमच्यामुळे सगळ्यांना उशीर नको." तीन तास बाबा बसमध्ये बसून राहिले. मी त्यांच्याजवळ थांबते म्हटलं तर माझ्यावरच चिडले, म्हणून मी गेले. परत आले तेव्हा ते ड्रायव्हरला चिवडा देत होते. "ड्रायव्हर फार सज्जन माणूस आहे," एवढंच बोलले.

घरी आल्यावर त्यांनी ते बूट 'नईदुनिया'च्या पानांत गुंडाळले, वर सुतळी बांधली आणि माळ्यावर टाकले. गेलेल्या माणसाच्या वस्तू ठेवतात तसे. बायपास झाली तेव्हासुद्धा मी त्यांना इतकं गप्प पाहिलं नव्हतं.

भाईजान, हा माणूस एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होता. दर रविवारी पहाटे रालामंडलचा डोंगर चढायचा. वर होळकरांची शिकारगाह आहे, तिच्या पायरीवर बसून घरून आणलेले पोहे खायचे आणि उतरायचं, हा वर्षानुवर्षांचा क्रम. हांगुलचं, काश्मीरच्या त्या हरणाचं, वेड त्यांना कधी लागलं कोण जाणे. कुणी "म्हणजे आपला बारासिंगाच ना?" असं म्हटलं की झालंच. बारासिंगा मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी, हांगुल जम्मू-काश्मीरचा. दोन्ही हरणं, पण जात वेगळी. मग कान्हातले बारासिंगे 1970 च्या सुमारास साठ-सत्तरांवर आले होते आणि ते कसे वाचवले, ही सगळी कथा. हांगुल एके काळी हजारोंनी होते, 2004 च्या गणतीत 197 भरले, 2023 ला 289, हे आकडे त्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के पाठ.

म्हणून यंदा दिवाळीच्या आधी, हांगुल बघायला दाचीगामला यायची तिकिटं मीच काढली. परवान्याचं काय आणि कसं केलं, ते जाऊ दे.

त्या सकाळी हारवनकडच्या फाटकाशी तुम्ही उभे होतात. फेरन, पायांत गमबूट, गळ्यात दुर्बीण, आणि तिचा पट्टा म्हणजे चक्क बुटाची नाडी. मी सवयीप्रमाणे पाढा सुरू केला: वय त्र्याहत्तर, बायपास झालीय, जिभेखालची गोळी वरच्या खिशात, दम लागतो, इंदूर साडेपाचशे मीटरवर आणि इथे तर सोळाशेच्या वर. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि बाबांकडे वळून विचारलंत, "बाबूजी, नाश्ता किया?" बस, एवढंच.

आपण दाग्वनच्या काठाकाठाने निघालो. पाण्याचा आवाज, चिनारांची तांबूस पानं, आणि वर कुठेतरी नव्या बर्फाची रेघ. पाचेक मिनिटांत तुम्ही थांबलात. अक्रोडाच्या बुंध्यावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे होते, जुने काळे पडलेले आणि त्यांवर ताजे. तुम्ही बाबांचं बोट धरून त्या चरांतून फिरवलंत. पुढे पुन्हा थांबलात. झाडाच्या शेंड्याशी मोडलेल्या फांद्यांचा ढीग होता, मला घारीचं घरटं वाटलं. तुम्ही सांगितलंत, अस्वल वर बसून फांद्या ओढतं, अक्रोड खातं आणि फांद्या बुडाखाली सारत जातं, म्हणून तो ढीग. मग एकदा नदीशी. हेच पाणी श्रीनगरच्या नळांना जातं, आणि 1910 मध्ये हे जंगल राखलं गेलं ते मुळात या पाण्यासाठी. इथली दहा गावं तेव्हा उठवली, दाचीगाम या नावात उरली ती तेवढीच. बाबांना यातलं बरंचसं ठाऊक होतं, तरी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकत होते.

चौथ्यांदा तर तुम्ही एका दगडापाशी थांबलात आणि नुसतेच त्याच्याकडे बघत राहिलात. साधा दगड. मी मनात म्हटलं, काय पण वाटाड्या मिळालाय!

मधूनमधून तुम्ही खोकत होतात, दाट झुडपं आली, वळण आलं की हमखास. बाबांनी तुम्हाला थांबवून खिशातली खडीसाखर दिली. दोनदा. तुम्ही दोन्ही वेळा ती निमूट तोंडात टाकलीत.

मग तो आवाज आला. पुस्तकात 'रटिंग कॉल' लिहितात, म्हणजे माजावर आलेल्या नराची साद, पण तो आवाज त्या दोन शब्दांत मावत नाही. लांब, दाटलेला, छातीच्या तळातून निघून वर जाता जाता फाटणारा. तुम्ही बोट केलंत. समोरच्या उतारावर गवतात नर उभा होता, मान पुढे ताणलेली, तोंडातून वाफ. डाव्या शिंगाचं एक टोक मोडलेलं. तुम्ही बाबांपुढे दुर्बीण धरलीत, पण त्यांनी ती घेतली नाही. डोक्यावरची माकडटोपी काढली आणि हातात धरून उभे राहिले. उघड्या डोक्याने, त्या थंडीत! एरवी मी ओरडले असते.

पुढे तुमच्या थर्मासमधली नून चाय, गिरदा रोटी आणि आमची लसूण सेव. गुलाबी खारट चहात तुम्ही सेव टाकलीत, ते पाहून बाबा म्हणाले, "हा माणूस पूर्वजन्मी इंदुरात राजवाड्यावर राहत असणार."

आता मुख्य गोष्ट. परतताना आपण त्याच वाटेने आलो, उतार असल्यामुळे भराभर. आणि तुम्ही एकदाही थांबला नाहीत. ओरखड्यांचं झाड गेलं, नदीचं वळण गेलं, तो दगड गेला, तुम्ही मान वळवूनही पाहिलं नाहीत. दगड मागे पडला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जाताना तुम्ही अकरा वेळा थांबला होतात, मी मागाहून बोटांवर मोजलं. अकराही वेळा चढ होता, आणि अकराही वेळा बाबांना धाप लागली होती. 'बसा', 'दमलात का', 'सावकाश हं' यांतलं काहीही न बोलता तुम्ही त्यांना अकरा वेळा विसावा दिलात. दाखवायला काही सापडलं नाही तिथे दगड.

बायपास झाल्यापासून बाबांना मदत करणाऱ्यांची वाण नाही. बँकेत खुर्ची देतात, गणपतीच्या आरतीला पुढे उभं करतात, लग्नात जिना चढताना दोघे दोन्ही दंड धरतात आणि "जपून हं काका!" असं ओरडतात की अख्खा हॉल वळून बघतो. वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण बाबा दर वेळी इंचभर लहान होतात, हे मला दिसत होतं, आणि तरी दंड धरणाऱ्यांत पहिली मीच. तुमच्या फाटकाशीही मी काय केलं? दुखण्यांची यादी वाचली. तो मॅनेजर मोठ्याने बोलला, मी प्रेमाने बोलले, फरक तेवढाच. हे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण लिहिते.

त्या रात्री हॉटेलवर मी बाबांना विचारलं, "तुमच्या लक्षात आलं का, भाईजान का थांबत होते?"

"पहिल्याच झाडाशी आलं."

"मग बोलला नाहीत ते?"

"ते बोलले का?" मग जरा वेळाने, पांघरूण ओढून घेत, "आणि तो खोकला अस्वलाला चाहूल लागावी म्हणून होता, एवढं कळतं मला. मला दोनदा थांबायचं होतं, म्हणून खडीसाखर."

तेव्हापासून मला एकच शंका आहे, भाईजान. ती तोंडात टाकताना तुम्हाला हे कळलं होतं ना? कळलंच असणार.

सेवेची दोन पाकिटं पाठवली आहेत, एक लवंगाची. बूट माळ्यावर परत गेलेले नाहीत, दाराशी चपलांच्या गर्दीत पडलेले असतात, रोज कुणीतरी अडखळतं. पुढच्या ऑक्टोबरात बाबांना पुन्हा यायचंय. त्यांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय, तो मोडक्या शिंगाचा नर तेव्हा त्याच उतारावर येईल का? मी म्हटलं, बाबा, तुम्हीच शिकवलंत ना, वसंतात शिंगं गळतात आणि नवी येतात. मोडकं शिंग राहणारच नाही, मग ओळखणार कसा?

"मी कुठे ओळखणार," बाबा म्हणाले. "ते ओळखतील."