हार्ट-लंग मशीन चालवणाऱ्या परफ्युजनिस्टांचे आभार

स. न. वि. वि.

ऑपरेशन पार पडलं की नातेवाईक सर्जनना भेटतात, भूलतज्ज्ञांना भेटतात. तुम्ही तेव्हा मशीन आवरत असता, म्हणून हे पत्र.

मशीनच्या नळ्या आणि ऑक्सिजनेटर (रक्तात ऑक्सिजन मिसळणारा भाग) यांचा स्पर्श झाला की रक्त गोठू लागतं. त्यामुळे कॅन्युला (रुग्णाला मशीनशी जोडणाऱ्या नळ्या) घालण्याआधी हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, किलोमागे ३०० ते ४०० युनिट; ७० किलोच्या रुग्णाला २१ ते २८ हजार. तीन-चार मिनिटांनी तुम्ही एसीटी, म्हणजे रक्त गोठायला किती सेकंद लागतात ती चाचणी, लावता आणि आकडा मोठ्याने सांगता. ४८० सेकंद पार झाल्याशिवाय तुम्ही पंप सुरू करत नाही, कितीही घाई असली तरी. त्या ठामपणाबद्दल पहिले आभार.

आकडा ३५० वरच अडला, तर डोस खरंच शिरेत गेला का, हे तुम्ही आधी विचारता. मग वाढीव हेपरिन. तरीही हलला नाही तर संशय अँटिथ्रॉम्बिनवर, म्हणजे गोठणं रोखणाऱ्या रक्तातल्याच प्रथिनावर, विशेषतः रुग्ण आधी काही दिवस हेपरिनवर असेल तर. हेपरिन काम करतं ते अँटिथ्रॉम्बिनच्याच जोरावर. ते कमी असेल तर नुसता डोस वाढवून भागत नाही, अँटिथ्रॉम्बिन किंवा प्लाझ्मा द्यावा लागतो.

बायपासवर, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं काम मशीन करत असताना, थंड आणि पातळ झालेल्या रक्तात एसीटी फसवतो. हेपरिन उतरलेलं असतं, आकडा मात्र चढाच दिसतो. तो बघून तुम्ही निर्धास्त होत नाही, दर अर्ध्या तासाला तपासणी चुकवत नाही.

सगळ्यात नाजूक वेळ प्रोटामिनची, म्हणजे शेवटी हेपरिनचा परिणाम उतरवणाऱ्या औषधाची. १०० युनिट हेपरिनला जास्तीत जास्त १ मिलिग्रॅम, दहा-पंधरा मिनिटांत सावकाश. भरभर दिलं तर रक्तदाब कोसळतो. जास्त झालं तर प्रोटामिनमुळेच रक्तस्राव वाढतो. 'प्रोटामिन सुरू' म्हणताच तुमचा हात पंप सकरवर (ऑपरेशनच्या जागचं रक्त ओढून मशीनमध्ये परत नेणाऱ्या नळीवर) जातो आणि तो बंद होतो. ते प्रोटामिन मिसळलेलं रक्त रिझर्व्हायरमध्ये (मशीनच्या रक्तसाठ्यात) गेलं तर सर्किट गोठेल, आणि पुन्हा बायपासवर जायची वेळ आली तर मशीनच नसेल.

रुग्णाला घाई न करता ३६ अंशांपर्यंत आणणं, कॅल्शियमकडे लक्ष वेधणं, हेही तुमचंच. गार रक्तात प्लेटलेट्स नीट काम करत नाहीत, मग कितीही पिशव्या चढवा.

रात्री आयसीयूत ड्रेन (छातीतलं रक्त बाहेर काढणारी नळी) भरू लागला, की हेपरिन परत डोकं वर काढतंय का हे ठरवताना आम्ही तुमचा चार्ट उघडतो. डोस, वेळ, एसीटी, सगळं जागच्या जागी, सुवाच्य अक्षरात. त्याबद्दल फार फार आभार.

आपले,
थिएटरमधले सहकारी