डाव्या हाताची खिडकी

कोखेम (जर्मनी), रविवार रात्र

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "कोब्लेंझपासून तुझं गाव किती किलोमीटर?" मी म्हटलं, पन्नासेक. तर लगेच, "कुठल्या रस्त्याने?" तीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला नुसता आकडा देऊन भागत नाही, हे मी विसरलेच होते. तेवढ्यात ड्यूटीची वेळ झाली आणि फोन ठेवावा लागला. म्हणून आता सविस्तर लिहिते. आईने चष्मा लावून मोठ्याने वाचावं. बाबांनी मध्ये मध्ये बोलू नये.

बाबा, तुमचा प्रश्न बरोबरच होता. इथे अंतर विचारताना रस्ता विचारावाच लागतो, कारण आमची मोझेल नदी सरळ चालतच नाही. फ्रान्समधल्या व्होज डोंगरात निघते आणि ५४४ किलोमीटर वाहून कोब्लेंझला ऱ्हाईनला मिळते. त्यातला आमच्या जिल्ह्यातला पट्टा म्हणजे वेटोळ्यावर वेटोळं. कृष्णेचं पसरट पात्र डोळ्यासमोर आणू नका. एका अंगाला आयफेलचं पठार, दुसऱ्या अंगाला हुन्सरुकचं, आणि मध्ये खोल चिरेत ही बसलेली. फार पूर्वी इथे सपाट जमीन होती, तेव्हाच नदी आळसावून नागमोडी वाहायला लागली. मग जमीन हळूहळू उचलली गेली, पण नदीने वळणं सोडली नाहीत. करवतीसारखी त्याच रेषेवर खाली खाली कापत गेली. म्हणून आंबा घाटात असतात तशी वळणं इथे तळाला आहेत आणि वर सगळं सपाट, गव्हाची शेतं.

आता तुमच्या कामाचं. फ्रँकफर्टला उतरलात की कोब्लेंझपर्यंत मी न्यायला येईन. तिथून ट्रिअरकडे जाणारी गाडी. डाव्या हाताची खिडकी धरायची, हे आत्ताच लक्षात ठेवा. कोखेमपर्यंत नदी त्याच बाजूला सोबत येते. आपण कोखेमलाच उतरणार, पण दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला पुढे घेऊन जाणार आहे. खरी मजा तिथेच आहे.

कोखेमच्या पुढे नदी मोठा फेरा घालते. वीसेक किलोमीटर चालून जिथे पोचते, ते ठिकाण डोंगराच्या अगदी पाठीमागे. रेल्वेवाल्यांनी हा फेरा मानलाच नाही. सरळ डोंगरातून ४,२०५ मीटरचा बोगदा काढला. १८७९ साली त्यातून गाडी धावली, आणि पुढे शंभरेक वर्षं जर्मनीतला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा हाच होता. एवढा खटाटोप पर्यटकांसाठी नव्हता बरं का. १८७०-७१च्या युद्धात फ्रान्सला हरवून प्रशियाने मेट्झ घेतलं होतं, तिथपर्यंत बर्लिनहून फौजफाटा पोचवायला हा मार्ग हवा होता. त्याला लोक 'तोफांची रेल्वे' म्हणायचे. आता त्याच रुळांवर शाळेची पोरं कानात काहीतरी घालून पेंगत असतात. जुन्या बोगद्याशेजारी २०१४ साली दुसरा काढलाय, त्यामुळे जायला एक, यायला एक.

बोगद्यातून बाहेर आलं की एलर गाव, लगेच नदीवर पूल. पुढे बुलायला आणखी एक पूल, आणि त्यासाठी बाबांनी गाडीतून उतरायचंच. १८७८चा आहे. वर रेल्वे, खाली रस्ता, असा जर्मनीतला पहिला दुमजली पूल. तुम्ही खालून चालत जा, वरून मालगाडी जाऊ दे, मग सांगा कसं वाटतं ते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा खाली वाकले होते, उगाचच. त्याच्या पुढे प्युंडरिशसमोर डोंगराच्या उतारावर ९२ कमानींची ७८६ मीटर लांब दगडी रांग आहे, तिच्यावरून गाडी जाते. तिथे नदी पुन्हा डाव्या हाताला येते. म्हणून म्हटलं, खिडकी बदलू नका.

एक गाडी मात्र तुम्हाला दाखवता येणार नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ट्रिअरपासून बुलायपर्यंत नदीच्या काठाकाठाने एक छोटी रेल्वे होती, १९०३ ते १९०५च्या सुमारास सुरू झालेली. तिला घाई नाही. प्रत्येक वळण घेत, प्रत्येक गावात थांबत जायची आणि डब्यात वाइन मिळायची. लोकांनी नाव ठेवलं होतं 'पिण्याची गाडी'. १९६८पर्यंत ती पुरती बंद झाली. आमच्या वृद्धाश्रमातल्या एक आजी सांगतात की त्यांचे वडील त्या गाडीने गेले की कुठल्या गावाला उतरतील याचा भरवसा नसायचा. बाबा, तुमच्या त्या मुक्कामी गाडीच्या गोष्टी मी त्यांना सांगितल्यात. त्या तुमची वाट बघतायत.

आमचा जिल्हा कोखेम-त्सेल. जेमतेम बासष्ट हजार माणसं. सांगली-मिरज-कुपवाडचा आठवा हिस्सासुद्धा नीट भरणार नाही. जिल्ह्याचं गाव असून कोखेमची वस्ती पाचेक हजारांची. पूर्वी कोखेम आणि त्सेल असे दोन वेगळे जिल्हे होते, १९६९ साली एक केले. पण त्सेलकरांच्या मनातून ते अजून गेलेलं नाही. गाडीच्या नंबरप्लेटवर आपल्या एमएच १०सारखं इथे 'सीओसी' असतं, पण हवी तर 'झेडईएल'ही मिळते, आणि ती मुद्दाम मागून घेणारे लोक मला माहीत आहेत. आपल्याकडे सांगली-मिरजवाले काय कमी आहेत?

गावाच्या डोक्यावर किल्ला आहे. आई, फोटोत बघून तू म्हणालीस, "अगदी गोष्टीतला." गोष्टीतलाच समज. मूळचा जुना किल्ला १६८९ साली फ्रेंच फौजेने उडवला, त्यानंतर पावणेदोनशे वर्षं नुसते अवशेष. १८६८ साली बर्लिनच्या राव्हने नावाच्या श्रीमंत लोखंड व्यापाऱ्याने ते विकत घेतले आणि आपल्या हौसेने नवा किल्ला उभारला. आपल्या गडांची सवय असलेल्या डोळ्यांना तो जरा जास्तच नीटनेटका वाटतो. चढ आहे, बाबांचा गुडघा बघून ठरवू.

त्यापेक्षा मला नदीपलीकडचा बंकर आवडतो. साध्या घरांच्या वस्तीत, दोन साध्याच घरांच्या खाली, १९६४ साली बांधून झालेलं तळघर. शत्रूने खोट्या नोटा ओतून चलन बुडवलं तर तयार असावं म्हणून जर्मन रिझर्व्ह बँकेने तिथे दुसऱ्याच छपाईच्या पंधरा अब्ज मार्कांच्या नोटा लपवून ठेवल्या होत्या. १९८८पर्यंत. एकही वापरावी लागली नाही. मघाच्या आजी तिथून दोन गल्ल्या सोडून राहायच्या, त्यांना वाटायचं बँकवाल्यांचं ट्रेनिंग सेंटर आहे.

आता आईचा भाग. मोझेलच्या दोन्ही काठांना द्राक्षं, पण मामाच्या तासगावच्या बागेशी तुलना करू नकोस, हसशील. मांडव नाही, इंग्रजी 'वाय'च्या आकाराचा आधार नाही. एकेका खुंटाला एकेक वेल, आणि तिच्या दोन काड्या वाकवून बदामाच्या आकारात बांधलेल्या. माझ्या घरमालकांनी फेब्रुवारीत मला बांधायला शिकवलं. जुने लोक त्यासाठी वाळुंजाच्या जातीतल्या झाडाची ओली काडी वापरतात. दोन पिळे द्यायचे, टोक मागून खोचायचं, सुतळी नाही की तार नाही. काडी वाकवताना कट्ट असा आवाज आला की माझा जीव जायचा. ते म्हणायचे, आवाज येऊ दे, तुटली नाही ना? छाटणी वर्षातून एकदाच, थंडीत. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी असं दोनदा छाटतात म्हटल्यावर ते म्हणाले, "मग वेल झोपते कधी?" मला उत्तर आलं नाही. तू मामाला विचार.

पायाखाली माती कमी आणि काळा पाटीचा दगड जास्त. दिवसभर तापतो, रात्री ती ऊब वेलीला देतो. ब्रेमजवळ काल्मोंट नावाचा उतार आहे, ६५ अंशांपर्यंत चढाचा, युरोपातल्या सगळ्यात उभ्या बागांत गणला जातो. तिथे ट्रॅक्टर जात नाही. एका रुळावर दात्यांच्या चाकाने चढणारी, खुर्चीएवढी गाडी असते, तीत बसून माणूस आणि क्रेट वर-खाली जातात. बाकी सगळं हाताने. तरुण पोरं हे करायला तयार नाहीत, त्यामुळे मध्ये मध्ये पडीक, झुडपं माजलेले तुकडे दिसतात. तो भाग मला मामाच्या शेजारच्या तोडलेल्या बागेसारखा वाटतो आणि मी तिकडे फार बघत नाही.

नदीवर बोटी दिसतील, त्याही मोठ्या. फ्रान्सला आपल्या लोरेनच्या पोलादासाठी जलमार्ग हवा होता, म्हणून १९५६ साली जर्मनी, फ्रान्स आणि लक्झेंबर्गने करार केला आणि १९६४च्या मे महिन्यात मार्ग खुला झाला. नदी जागोजागी अडवून पायऱ्या केल्यात, प्रत्येक पायरीला जहाज वर-खाली करणारी टाकी. फांकेलची आमच्या जवळ. टाकी बारा मीटर रुंद, जहाज साडेअकराला जरा कमी, म्हणजे दोन्ही बाजूंना वीतभर जागा. चालक ते इंच इंच आत आणतो, दार बंद होतं, आणि अख्खं जहाज तीन-चार पुरुष खाली उतरतं. बाबांना मी तिथे सोडून बाजारात जाणार आहे. मात्र ही साखळी आहे, एक दार गेलं की सगळं ठप्प. २०२४च्या डिसेंबरात खाली म्युडेनला एका जहाजाने दाराला धडक दिली आणि सत्तरेक जहाजं वरच्या बाजूला अडकून पडली. दार दुरुस्त व्हायला फेब्रुवारी उजाडला.

आणि पाणी. ते तुम्हाला सांगायला नकोच. इथे घरांच्या कोपऱ्यावर दगडात रेघा कोरलेल्या असतात आणि शेजारी साल. १९९३च्या डिसेंबरात नदी कोखेमला दहा मीटरच्या वर चढली होती. ती रेघ माझ्या डोक्याच्या वर येते. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला आपल्या देवघराशेजारची भिंत आठवली. २०१९ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हाची बाबांनी पेन्सिलने मारलेली रेघ. आई, तू रंग देताना ती पुसू दिली नाहीस ना? बाबा सांगत होते दोघांचं त्यावरून वाजलं. मी बाबांच्या बाजूने आहे.

येताना आणायचं: मामाकडचा किलोभर बेदाणा, पिवळा नको, हिरवा. घरमालकांना दाखवायचाय. बाबांनी दोन्ही गुडघ्यांचे पट्टे. आईने स्वेटर, आणि वाद घालू नये, सप्टेंबरात इथे सकाळी नदीवर धुकं असतं. चकली कितीही आण.

आणि बाबा, डाव्या खिडकीचं रिझर्व्हेशन मिळत नाही, लोकल गाडीला नंबर नसतात. तुमचा रुमालही चालणार नाही. काचा उघडत नाहीत.

तुमची,
सुमी