क्रूझचा प्रवास विमा रविवारपर्यंत काढा

मंडळी, नमस्कार.

बार्सिलोनाहून निघणाऱ्या आपल्या क्रूझचा शेवटचा हप्ता सोमवारी भरायचा आहे. त्यानंतर बुकिंग रद्द केलं तर बरीच रक्कम कापली जाते. म्हणून प्रत्येकाने रविवारी रात्री ८ पर्यंत विमा काढून पॉलिसीची पीडीएफ ग्रुपवर टाकावी.

केबिनचं भाडं दोघांच्या हिशोबाने असतं. ऐनवेळी एकाचं येणं रद्द झालं, तर उरलेल्याला एकट्याचं वाढीव भाडं पडू शकतं. हा फरक पॉलिसीत धरलाय का, हे विम्याचे पैसे भरण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारून घ्या. केबिनचे पैसे एकाच कार्डावरून गेले आहेत, त्यामुळे दावा करताना 'तुम्ही स्वतः किती भरले' याचा पुरावा लागेल. आपला वाटा यूपीआयने किंवा बँकेतूनच पाठवा, रोख नको. शेऱ्यात 'क्रूझ, केबिन वाटा' एवढं लिहा. वाटा ९०,००० रुपये असेल, तर रद्दीकरणाचं संरक्षणही निदान तेवढं हवं.

• शेंगेन व्हिसासाठी (स्पेनसह युरोपातल्या अनेक देशांना चालणारा एकच व्हिसा) वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरो, मुक्कामाचे सगळे दिवस धरून.
• बीपी, मधुमेह, जुनी अँजिओप्लास्टी लपवू नका. दावा नेमका तिथेच फेटाळला जातो. आजी-आजोबांचा फॉर्म घरातल्या कुणीतरी शेजारी बसून भरावा.
• जहाजावरच्या दवाखान्याचं बिल सहसा आपल्या केबिनच्या खात्यावर चढतं. डॉक्टरांचा अहवाल आणि मूळ पावती उतरण्याआधी मागून घ्या.
• पॉलिसीवर नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं.

विमान चुकलं तर जहाज थांबत नाही, म्हणून सगळ्यांनी आदल्या दिवशीच बार्सिलोनात पोचायचं आहे.