सूचना : समुपदेशकाची पहिली वेळ घेण्याआधी

सभासदहो, ‘क्वीअर-स्नेही’ (समलिंगी, ट्रान्स वगैरे लोकांना समजून घेणारा) अशी पाटी पाहून लगेच आगाऊ पैसे भरू नका. आधी फोनवर दहा मिनिटं बोला आणि थेट विचारा : प्रशिक्षण कुठे घेतलं? जोडीदार दोनपेक्षा जास्त असतील तर सत्र कसं घेता? एकाने एकट्यात सांगितलेली गोष्ट दुसऱ्यापासून लपवता की नाही? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बहुपक्षी नात्यांत समुपदेशन बहुधा इथेच फसतं, कारण नियम आधी ठरलेला नसतो आणि मग समुपदेशक कुणा एकाचा माणूस होऊन बसतो. तिघं असाल तर पाऊण तास पुरत नाही; दीड तास मागून घ्या.

‘तुमचा लैंगिक कल बदलून देतो’ म्हणणाऱ्याकडे फिरकू नका. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे ‘उपचार’ डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ लैंगिक कलावरून भेदभाव करू देत नाही, गोपनीयतेचा हक्कही देतो. तरी बिल, मेसेज घरच्यांच्या नजरेला पडू शकतात (हे हमखास विसरायला होतं). कुठल्या नंबरवर, कुठल्या नावाने पाठवायचे ते आधीच सांगा.

रात्री-अपरात्री फार अस्वस्थ वाटलं तर टेली-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) : १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतूनही.