गिअरबॉक्स न उतरवल्याबद्दल

ती. मिस्त्रीमामांस,
सा. न. वि. वि.

पत्र तुम्हाला आहे, पण मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. एक तर समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही "च्या घ्या आणि जावा" म्हणून विषय मिटवता. दुसरं म्हणजे कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीच्या पट्ट्यात जुन्या ऑटोमॅटिक गाड्या सांभाळणारी मंडळी थोडी असली तरी आहेत, आणि मला जे ऐकावं लागलं ते त्यांच्यापैकी कुणाला तरी आज ना उद्या ऐकावं लागणार आहे: "साहेब, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागणार."

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गाडी 1983 ची मर्सिडीज 230 ई, डब्ल्यू-123 या मॉडेलची. हे मॉडेल 1976 ते 1986 च्या दरम्यान जवळपास 27 लाख निघालं, तेव्हा दुर्मिळ वगैरे काही नाही. पण वडिलांनी आखातातून येताना आणलेली म्हणून घरात तिचा मान थोरल्या माणसाचा. चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पोर्चच्या फरशीवर आधी गिअरबॉक्सच्या तेलाचे तांबडे ठिपके दिसायला लागले, मग थाळीएवढा डाग. पुढे चढावर रेस वाढायची पण गाडी ओढायची नाही. तेल कमी झालं की गिअरबॉक्समधला पंप हवा ओढतो, तेलाचा दाब कमी होतो आणि आतल्या क्लच प्लेटा घसरायला लागतात. असंच रेटलं असतं तर त्या जळाल्या असत्या आणि गिअरबॉक्स खरोखरच उतरवायची वेळ आली असती.

एका गॅरेजवाल्यानं चेंबरच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाला बोल्टांनी बसवलेल्या तेलाच्या भांड्याच्या, कडेनं सिलिकॉन फासून दिलं. दुसऱ्यानं, तेही मोठ्या शहरातल्या, गाडीखाली बॅटरी मारली न मारली तोच पूर्ण ओव्हरहॉलचं कोटेशन हातात ठेवलं. तिसऱ्याचा सल्ला तर ऑटोमॅटिक काढून साधा गिअरबॉक्स बसवायचा होता. त्यावर काय बोलावं!

मामा, तुम्ही गाड्यांचे मिस्त्री नाहीच. उद्यमनगरात प्रेसचे आणि पॉवरपॅकचे हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्त करण्यात तुमचा जन्म गेला. मर्सिडीजला आयुष्यात हात लावला नव्हता, हे तुम्ही पहिल्याच वाक्यात सांगून टाकलंत. दुसरं वाक्य मात्र मी लिहून ठेवलंय: "तेल वरनं खाली येतंय, खालनं वर जात न्हाई. मग बघाय वरनं सुरवात करायची."

आणि खरंच तुम्ही पाना हातात घेतलाच नाहीत. आधी प्रश्न. उभी असताना गळते की चालवून आल्यावर? गार असताना की तापल्यावर? मग स्टिअरिंगच्या तेलाची पातळी बघितलीत. या गाडीच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही तांबडंच तेल असतं, आणि पुढं गळलेलं तेल वाऱ्यानं मागं पसरत गिअरबॉक्सवर येतं. ही शंका आधीच्या तिघांपैकी एकालाही आली नव्हती. स्टिअरिंगचं तेल जागच्या जागी होतं.

मग रॉकेल, ब्रश आणि कॉम्प्रेसरची हवा. सगळा गिअरबॉक्स बेल हाउसिंगपासून (इंजिनला जोडलेल्या पुढच्या कवचापासून) मागच्या शाफ्टपर्यंत धुऊन कोरडा केलात. त्यावर साधी अंगाला लावायची पावडर फुंकलीत आणि म्हणालात, शिरोली नाक्यापर्यंत जाऊन या, तेल तापू द्या. परत आल्यावर खड्ड्यात उतरून तुम्ही मला शेजारी बसवलंत. पांढऱ्या पावडरीत एक बारीक तांबडी रेघ होती. चेंबरच्या बऱ्याच वर, गिअरबॉक्सच्या अंगात बसवलेल्या किकडाउन सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या एका वॉल्व्हच्या, बुडातून ती निघाली होती, तिथून तिरकी उतरत चेंबरच्या कडेला आली होती आणि कडेकडेनं जाऊन सगळ्यात खालच्या बोल्टावर थेंब होऊन लोंबत होती. ज्या बोल्टाखाली थेंब पडायचा, तिथंच पहिल्या गॅरेजनं सिलिकॉन फासलं होतं!

किकडाउन म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पाय पूर्ण दाबला की पेडलखालचं बटण या सोलेनॉइडला करंट देतं आणि गिअरबॉक्स एक गिअर खाली येतो, ओव्हरटेकला जोर मिळावा म्हणून. सोलेनॉइड बाहेरून आटे फिरवून बसवलेला असतो आणि त्याला तेल अडवणारी एक रबरी ओ-रिंग असते. चाळीस वर्षं गरम तेलात राहून ती रबराची न राहता प्लास्टिकच्या बांगडीसारखी झाली होती. तुम्ही चिमटीत धरून वाकवलीत तर कट्कन मोडली.

एवढ्यावर दुसरा कुणी थांबला असता. तुम्ही बेल हाउसिंगच्या खालच्या फटीतून बोट घालून बघितलंत. पुढचं सील गेलं असतं तर तिथं तांबडं तेल लागलं असतं, इंजिनचं मागचं सील गेलं असतं तर काळं. बोट कोरडं आलं. मागच्या शाफ्टचा रबरी कपलिंगही कोरडा. मग मॉड्युलेटरची, म्हणजे इंजिनवरचा भार गिअरबॉक्सला कळवणाऱ्या डबीची, व्हॅक्यूमची नळी काढून आत बघितलंत. त्याचा पडदा फाटला तर इंजिन या नळीतून तेल ओढून घेतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर सोडतं. फरशीवर थेंबही पडत नाही आणि तेल मात्र कमी होत राहतं. हे तुम्हाला मर्सिडीज माहीत नसताना कसं सुचलं, असं विचारल्यावर म्हणालात, "नळी आत जातीया, म्हंजे बघाय पायजे." नळी कोरडी होती. गिअरबॉक्स उतरवायला जी कारणं लागतात ती एकेक करून तुम्ही अशी बाद केलीत.

जुन्या रिंगच्या खाचेचं माप तुम्ही व्हर्निअरनं घेतलंत. रबर कुठलं घ्यायचं यावर दुकानदाराशी तुमची झालेली हुज्जत मी मजेनं ऐकत होतो. साधं रबर या तेलात फुगतं, नायट्राइल चालतं, पण एवढी उष्णता आहे तर व्हायटॉनच द्या म्हणून तुम्ही अडून बसलात. परदेशातून मागवली असती तर टपालखर्चच रिंगच्या कितीतरी पट झाला असता. उद्यमनगरात ती काउंटरच्या खणातून निघाली. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी बाहेर पडते तेव्हा सगळं गाव कौतुकानं बघायला उभं राहतं, आणि राहावंच. पण गावात जुनी यंत्रं चालू राहतात ती असल्या खणांच्या जोरावर, असं माझं मत झालंय.

चेंबर मात्र तुम्ही उघडलंत, आणि बरं झालं. फिल्टरच्या जाळीला सिलिकॉनचे तंतू चिकटलेले होते. बाहेरून जेवढं दिसतं तेवढंच आतही दाबलं जातं आणि सुटून तेलात फिरतं. तळाला काळपट बारीक गाळ होता, धातूचा चुरा नव्हता, तेलाला जळका वासही नव्हता. तो गाळ अंगठ्यावर घासून तुम्ही नुसतं "हं" म्हणालात, आणि माझा जीव भांड्यात पडला. याच घराण्यातले गिअरबॉक्स 90 च्या दशकापर्यंत मर्सिडीजमध्ये वापरात होते, त्यामुळे फिल्टर आणि पॅकिंग मिळायला त्रास पडला नाही. पॅकिंग कोरडंच बसवलंत आणि बोल्ट टॉर्क पान्यानं आठ न्यूटन-मीटरवर सोडलेत. ताकद लावून आवळले की रबरी पॅकिंग बाहेर येऊन चिरतं. बरंच तेल इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं आणि त्यालाही स्वतःचा ड्रेन बोल्ट आहे, ही माझी एकमेव भर. पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन हातानं फिरवत आपण तो फटीसमोर आणला, तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर प्रथमच मर्सिडीजबद्दल थोडा आदर दिसला.

तेल भरतानाही घाई नाही. आधी थोडं, मग इंजिन चालू करून लिव्हर प्रत्येक गिअरमधून फिरवायचा, मग पुन्हा थोडं. शेवटची पातळी गाडी सपाट जागी, इंजिन चालू, लिव्हर पार्कमध्ये आणि तेल चांगलं तापल्यावरच बघायची. पट्टी पुसायला धागे सुटणारं फडकं नको. जास्त भरलं तर फेस होतो आणि तेल बाहेर फेकलं जातं, मग माणूस पुन्हा गळती शोधत बसतो.

परवा वाघबिळावरून पन्हाळा चढलो. घाटात पाय पूर्ण दाबला, गिअर खाली आला, गाडीनं ओढ घेतली. वर तबक उद्यानाजवळ गाडी लावली आणि खाली पुठ्ठा सरकवून झुणका-भाकरी खाऊन आलो. पुठ्ठा कोरा. लिव्हरच्या शाफ्टजवळ किंचित ओल आहे, ती तुम्ही मुद्दाम सोडलेली, आणि ती तेवढीच आहे.

रेडिएटरकडे जाणारा तेलाचा होज जुना झालाय, फुटायच्या आत बदला असं म्हणाला होतात. जुन्या होजच्या मापावर नवा दाबून घ्यायला टाकलाय. मिळाला की घेऊन येतो. या वेळी मजुरी मात्र आधी ठरवायची मामा. मागच्या वेळी जेवढी घेतलीत तेवढ्यात रॉकेलसुद्धा आलं नसेल.

आपला,
मर्सिडीजवाला