फ्लेमप्रूफ पेटीतली लिथियम बॅटरी

संपादक महोदय,

कोळसा खाणींतील यंत्रे डिझेलऐवजी लिथियम-आयन बॅटरीवर चालवावीत, असा आग्रह धरणारा आपल्या दैनिकातील लेख वाचला. धूर टळेल हे खरे. परंतु बॅटरी फ्लेमप्रूफ पेटीत असल्याने धोका उरत नाही, हे त्यातील विधान पटण्यासारखे नाही.

ही पेटी हवाबंद नसते. आत शिरलेला मिथेन, म्हणजे कोळशातून सुटणारा ज्वलनशील वायू, पेटलाच, तर तो स्फोट सोसावा आणि झाकणाच्या फटीतून निघणारी ज्वाला वाटेतच थंड व्हावी, एवढ्यासाठी ती घडवलेली असते. झाकणाचे बोल्ट आवळून ही फट फीलर गेजने मोजण्यात माझी उभी नोकरी गेली. बिघडून तापलेला लिथियम सेल मात्र स्वतःच ज्वलनशील वायू सोडतो आणि त्यात हायड्रोजनही असतो. मिथेनची ज्वाला सुमारे 1.1 मिलिमीटरच्या फटीत अडते, तर निव्वळ हायड्रोजनसाठी ती फट 0.3 मिलिमीटरच्याही आत लागते. शिवाय, दाबाचाही प्रश्न आहे. अमेरिकेच्या नियमांनुसार खाणीतील अशी पेटी किमान 150 पीएसआय (दर चौरस इंचावर 150 पौंड) दाबासाठी बनवावी लागते. तेथील ‘नायॉश’ या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या प्रयोगांत बिघडलेल्या सेलभोवतीची मोकळी जागा जितकी कमी, तितका दाब अधिक चढल्याचे आढळले, आणि पेटी आटोपशीर करण्याच्या नादात उत्पादक नेमकी तीच जागा कमी करतात.

तेव्हा अशा पेटीची चाचणी केवळ मिथेन पेटवून न घेता, आतला सेल मुद्दाम बिघडवून घेतली जावी आणि तोवर परवानगीची घाई करू नये.

— एक निवृत्त इलेक्ट्रिकल सुपरवायझर, वणी (जि. यवतमाळ)