काका, त्या मीटिंगबद्दल मनापासून थँक्यू

काका, तुम्हाला फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही विषयच बदलता, म्हणून इथंच सगळ्यांसमोर लिहितोय.

गोदाघाटावर गणेशमूर्ती संकलनाचं ठरवायला बसलो होतो तेव्हा आमची कॉलेजची पोरं तावात, पीओपीची (प्लास्टर ऑफ पॅरिसची) एकही मूर्ती नदीत जाऊ द्यायची नाही, आणि पंचवटीतले गुरुजी म्हणत होते विसर्जन अडवणारे तुम्ही कोण. आवाज चढला तसं तुम्ही म्हणालात, आधी समोरच्याचं म्हणणं तुझ्या शब्दात सांग, तो हो म्हणाला की मग तुझं बोल. तिथंच निम्मं भांडण मिटलं! गुरुजींना पीओपीचा पुळका नव्हताच हो, बाप्पा टेम्पोत पोत्यांसारखे रचतात ते त्यांना बघवत नव्हतं.

आणि फुलवाल्या मावशी! कोपऱ्यात गप्प बसलेल्या, तुम्ही मुद्दाम त्यांच्याकडे वळलात म्हणून बोलल्या, की अहो लोकांचा जीव होत नाही मूर्ती अशी परक्याच्या हातात द्यायला, आधी गंगेचं (म्हणजे आपल्या गोदेचं) पाणी लागू द्या, निवांत आरती होऊ द्या, मग स्वतःहून देतील. वर्षानुवर्षं घाटावर बसणाऱ्या बाईला जे माहीत ते आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणालाच सुचलं नव्हतं. मग पाट मांडला, बाजूला गोदेच्या पाण्याची बादली, आरतीचं ताट, आणि टेम्पोत गादी घालून मूर्ती उभ्या ठेवल्या. लोक नमस्कार करून शांतपणे मूर्ती देत होते.

अमोनियम बायकार्बोनेटचं पण तसंच. ती पावडर पाण्यात घातली की पीओपीची मूर्ती घरच्या बादलीत विरघळते, खाली खडूसारखा गाळ उरतो, आम्ही एवढंच सांगत सुटलो असतो, पण एका वहिनींनी विचारलं की अमोनियाचा वास वन बीएचकेत कसा सहन करायचा, घरात लहान बाळ आहे. म्हणून पत्रकात मोकळ्या गच्चीवर करा, मुलांना लांब ठेवा हे आलं.

सगळ्यांचं ऐकलं म्हणून सगळ्यांचं मान्य केलं असं नाही, निर्माल्य नदीतच सोडू द्या म्हणणाऱ्यांना तुम्ही पूर्ण बोलू दिलंत आणि मग स्पष्ट नाही म्हणालात. ते तरीही दुसऱ्या दिवशी मदतीला आले, हे मला फार मोठं वाटतं.

यंदा मूर्तिकारांना बोलवतोय. शाडूची मूर्ती वाळायला वेळ लागतो, वजनाला जड, वाहतुकीत तुटते, नुकसान त्यांचंच होतं, ते आधी नीट ऐकून घ्यायचंय आणि त्यासाठी तुम्ही हवेच आहात. तारीख ठरली की कळवतो.